दहा मिनिटांत पुढच्या लेक्चरला: डेव्हिसचा सायकलवाला कॅम्पस नेमका चालतो कसा?

(ही एपिसोडची लेखी आवृत्ती आहे. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’, ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. घाईत असाल तर सरळ ‘जाणार असाल तर’ या भागावर जा.)



आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करूया. तुमचं एक लेक्चर ९ वाजून ५० मिनिटांनी संपतं. पुढचं १० ला सुरू होतं. दोन इमारतींमध्ये अंतर आहे दीड किलोमीटर. कसं जाल?

आपल्याकडची उत्तरं मला माहीत आहेत. एक, कोणाच्या तरी अॅक्टिव्हावर मागे बसून. दोन, पळत. तीन, ‘सर पहिली दहा मिनिटं हजेरीच घेतात, जाऊ निवांत’.

पण एका विद्यापीठाने हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी फार मनावर घेतला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं डेव्हिस. पूर्ण नाव युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस. सगळे म्हणतात यूसी डेव्हिस. तिथे हजारो पोरं-पोरी रोज सायकलवर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात आणि गावातून कॅम्पसवर यायला विद्यार्थ्यांनीच चालवलेली बस आहे. ‘विद्यार्थ्यांनी चालवलेली’ म्हणजे अक्षरशः. स्टिअरिंगवर विद्यार्थी.

आज हे सगळं कसं चालतं ते समजून घेऊ. मग एमएस किंवा पीएचडीसाठी तिकडे निघालेल्यांसाठी काही कामाच्या गोष्टी सांगते. आणि शेवटी आपल्याकडे येऊ, कारण पुणे विद्यापीठात २०१७ मध्ये सायकलींचा एक प्रयोग झाला होता. तो का टिकला नाही, याचं बरंचसं उत्तर डेव्हिसच्या गोष्टीत सापडतं.

[०२:०५] हे डेव्हिस आहे कुठे?

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर समुद्र नाहीतर हॉलीवूड येतं. डेव्हिस त्यातलं काहीच नाही. राज्याची राजधानी सॅक्रामेंटो. तिच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर हे छोटं गाव आहे. आजूबाजूला शेती. विद्यापीठाची सुरुवातच मुळी ‘युनिव्हर्सिटी फार्म’ म्हणून झाली, म्हणजे विद्यापीठाचं शेत. आपल्याकडचं कृषी महाविद्यालय डोळ्यासमोर आणा. पुढे १९५९ मध्ये त्याला सगळे विषय शिकवणाऱ्या पूर्ण कॅम्पसचा दर्जा मिळाला.

जागा किती? ५,३०० एकरांच्या आसपास. पण घाबरू नका, त्यात बरीचशी शेतं, गोठे आणि प्रयोगाची जमीन आहे. वर्ग, लायब्ररी, लॅब असलेला मधला भाग दीड-दोन किलोमीटरमध्ये बसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमीन सपाट आहे. पोळपाटासारखी. चढ जवळपास नाहीच. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा कडक, पारा ४० च्या आसपास जातो, पण हवा कोरडी. म्हणजे सायकलसाठी निसर्गाने निम्मं काम करून ठेवलं होतं. मात्र अमेरिकेत सपाट गावं काय कमी आहेत का? हजारो आहेत, आणि तिथे सगळे गाडीनेच फिरतात. तेव्हा उरलेलं निम्मं काम माणसांनी काय केलं, ते बघायचं.

[०४:१०] दहा मिनिटांचं गणित

आता आपला सुरुवातीचा प्रश्न घ्या. तिकडे लेक्चर ५० मिनिटांचं असतं आणि दोन तासांमध्ये १० मिनिटं मिळतात. ती सगळी प्रवासाची नसतात. वही-लॅपटॉप बॅगेत कोंबून, गर्दीतून दाराबाहेर यायला दोन मिनिटं. उरली आठ.

चालत निघालात तर? झपझप चालणारा माणूस तासाला पाच किलोमीटर जातो. आठ मिनिटांत साडेसहाशे मीटर. म्हणजे शेजारच्या चार इमारती.

सायकल? कुलूप काढायला अर्धं-पाऊण मिनिट, तिकडे पोचल्यावर जागा शोधून परत लावायला एक-दीड मिनिट. दोन मिनिटं गेली. उरली सहा. तासाला १५ किलोमीटर हा काही शर्यतीचा वेग नाही, घाम न येता जाता येतं. सहा मिनिटांत दीड किलोमीटर. पोचलात!

गाडी? वेग भरपूर, पण पार्किंग कडेला. गाडीपर्यंत चाला, काढा, पुन्हा जागा शोधा, लावा, परत चाला. दहा मिनिटं तिथेच संपली.

आणि बस? बसचं गणित वेगळं असतं. बस अर्ध्या तासाने एक असेल आणि तुम्ही वेळ न बघता थांब्यावर जाऊन उभे राहिलात, तर सरासरी १५ मिनिटं नुसतं उभं राहण्यात जातात. बस कितीही जोरात जाऊदे, दीड किलोमीटरसाठी ते परवडत नाही. पण अंतर चार-पाच किलोमीटर असेल, बाहेर पाऊस असेल, हातात सामान असेल आणि मोबाइलमध्ये बसची वेळ दिसत असेल, तर पारडं एकदम फिरतं. थांब्यावर दोन मिनिटं आधी पोचायचं, की झालं.

म्हणून डेव्हिसमध्ये कामं वाटली गेलीत. वर्गातून वर्गात सायकल. घरातून कॅम्पसच्या दारापर्यंत, ज्याला जसं जमेल तसं, सायकल किंवा बस. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं आपोआप समजेल.

[०६:४०] आधी गाड्या बाहेर काढल्या

१९५९ मध्ये पूर्ण कॅम्पस झाल्यावर विद्यार्थी भराभर वाढणार हे उघड होतं. तेव्हा एमिल म्राक नावाचे चान्सलर होते. तिकडचा कॅम्पसचा चान्सलर म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू समजा, कारभार बघणारे. या म्राक यांनी नवीन कॅम्पसचा आराखडा करताना सांगितलं की विद्यार्थी सायकलवर फिरणार आहेत असं धरून रस्ते आखा. येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही सुचवलं, येताना सायकल आणा.

आणि मग खरी हिंमत लागणारी गोष्ट केली. १९६० च्या दशकातच मधल्या भागातले रस्ते खाजगी गाड्यांसाठी बंद केले. मालाच्या गाड्या, अॅम्ब्युलन्स, अग्निशमन, काही रस्त्यांवर बस, एवढंच आत. बाकीच्यांनी गाडी कडेच्या पार्किंगमध्ये लावायची, पैसे भरून, आणि पुढे चालत किंवा सायकलने जायचं.

हा निर्णय का मोठा? कारण सायकलवाल्याला चढापेक्षा, उन्हापेक्षा जास्त भीती मागून येणाऱ्या गाडीची असते. ती भीती काढली की ज्याला कधी ‘मी सायकलवाला’ वाटलं नाही असा माणूसही सायकल काढतो. भरधाव जाणारा जातोच, पण साडी, स्कर्ट, फॉर्मल शर्ट घातलेला, हळू चालवणारा, नुकतीच शिकलेली मुलगी, हे सगळे येतात.

कॅम्पसबाहेर गावातही साधारण त्याच काळात हालचाल सुरू झाली. फ्रँक चाइल्ड हे तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ते आणि त्यांच्या पत्नी ईव्ह नेदरलँड्समध्ये हेगला काही काळ राहून आले होते. तिथे सायकलींसाठी वेगळी जागा बघितली आणि परत आल्यावर म्हणाले, हे आपल्या गावात का नाही? लोक जमवले, नगरपरिषदेकडे मागणी केली. नगरपरिषदेने आधी फार दाद दिली नाही. मग १९६६ च्या निवडणुकीत सायकल हा चक्क निवडणुकीचा मुद्दा झाला आणि सायकलच्या बाजूचे लोक निवडून आले. राज्याच्या कायद्यातही बदल करून घ्यावा लागला. १९६७ मध्ये रस्त्यावर पट्टा आखून सायकलसाठी राखीव जागा झाली. अमेरिकेतली पहिली बाइक लेन म्हणून डेव्हिसचंच नाव घेतात. आजही त्या गावाचं बोधचिन्ह आहे ती जुनी सायकल, पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं एवढंसं.

म्हणजे बघा, वरून कुलगुरूंनी आराखडा केला आणि खालून गावकऱ्यांनी मतं मागितली. दोन्ही एकाच दशकात. नुसत्या एका बाजूने हे झालं असतं का, मला शंका आहे.

[०९:५०] उलटी प्रदक्षिणा

आता गाड्या गेल्या, सायकली आल्या. प्रश्न संपला? अजिबात नाही. दहाच्या ठोक्याला हजारो सायकली एकदम बाहेर पडल्यावर चौकात काय होईल, कल्पना करा. दादर स्टेशनचा पूल, फक्त सगळ्यांना चाकं.

सिग्नल लावायचा? सायकलवाल्याला थांबणं सगळ्यात जिवावर येतं. थांबलं की कमावलेला वेग गेला, परत पहिल्यापासून जोर लावा. म्हणून तो थांबत नाही, सिग्नल तोडतो. मग असा चौक हवा, जिथे वेग कमी होईल पण थांबावं लागणार नाही.

डेव्हिसचं उत्तर आहे गोल चक्कर. फक्त सायकलींसाठी. मध्ये गोलाकार कट्टा किंवा बाग, भोवती रस्ता. तिथे त्याला ‘बाइक सर्कल’ म्हणतात. सगळे एकाच दिशेने फिरत असल्याने समोरासमोर टक्कर होतच नाही. झालीच तर बाजूने घासाघीस. सर्कलमुळे आपोआप वेगही उतरतो. नियम दोनच. जो आत फिरतोय त्याचा हक्क पहिला, तुम्ही बाहेरून येताय तर त्याला जाऊ द्या. आणि आत शिरलात की मध्येच ब्रेक मारून थांबायचं नाही.

आता आपली गंमत. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, म्हणून आपल्या चौकातली फेरी घड्याळाच्या काट्याप्रमाणे होते, देवळातल्या प्रदक्षिणेसारखी. तिकडे वाहतूक उजवीकडून. म्हणजे फेरी उलटी, घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध. हे वाचताना सोपं वाटतं. पण पहिल्या आठवड्यात, उशीर झालेला असताना, अंगात मुरलेली सवय डोकं वर काढते आणि माणूस सरळ डावीकडे वळतो. समोरून पन्नास सायकली!

सप्टेंबरच्या शेवटी नवीन वर्ष सुरू होतं, तेव्हा जुने विद्यार्थी सर्कलच्या कडेला बसून नवख्यांची धडपड बघतात, अशी तिथली जुनी थट्टा आहे. थट्टा ठीक, पण दात आणि मनगटं खरोखर मोडतात. म्हणून सुरुवातीलाच एखाद्या रविवारी, रिकाम्या कॅम्पसवर, पाच-दहा चकरा मारून घ्या. लाजायचं काही नाही.

[१२:३०] विद्यार्थ्यांची बस

आता बसकडे येऊ. तिचं नाव युनिट्रान्स.

१९६८ मध्ये तिथल्या विद्यार्थी संघटनेने लंडनच्या दोन जुन्या डबलडेकर विकत घेतल्या आणि दोन मार्ग सुरू केले. हो, लंडनच्या, लाल रंगाच्या. आपल्या बेस्टच्या डबलडेकरची आठवण येणारच, घराणं एकच. लंडनसाठी बनवलेल्या, त्यामुळे ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो आणि रस्ता मात्र उजव्या बाजूने चालणारा. नंतर साध्या बस आल्या, नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या आल्या, नव्या डबलडेकर आल्या. पण जुन्यांचा मान अजून आहे.

ही बस फक्त कॅम्पसच्या आत गोल फिरत नाही, आणि हाच तिचा शहाणपणा. बरेच विद्यार्थी गावात अपार्टमेंट घेऊन राहतात. म्हणून मार्ग कॅम्पसवरून निघून गावाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत जातात आणि परत येतात, पंख्याच्या पात्यांसारखे. कॅम्पसवर दोन मोठे थांबे, एक मेमोरियल युनियनजवळ आणि दुसरा सायलोजवळ. मार्गांना नंबर नाहीत, इंग्रजी अक्षरं आहेत. ‘मी डब्ल्यू लाइनवर राहतो’ असं लोक सांगतात, जसं आपण ‘सेंट्रलला राहतो’ म्हणतो. घर भाड्याने घेतानाच लोक कोणती लाइन जवळ आहे ते विचारतात. गावातले इतर लोकही तिकीट काढून हीच बस वापरतात.

चालवतं कोण? विद्यार्थी. त्यांना अवजड वाहनाच्या परवान्यासाठी प्रशिक्षण मिळतं, परीक्षा होते, पगार मिळतो. ज्या पोराबरोबर तुम्ही सकाळी केमिस्ट्रीच्या वर्गात बसलात तोच दुपारी बस चालवताना दिसू शकतो.

पैसे? पदवीचे विद्यार्थी ओळखपत्र दाखवून चढतात. लोक म्हणतात बस फुकट आहे. फुकट काही नसतं हो. त्यांच्या फीमध्ये बसचा वाटा आधीच घेतलेला असतो. पण या पद्धतीचा एक परिणाम बघा. पैसे गेलेलेच आहेत, तर दारात उभं राहून ‘दोन थांब्यांसाठी कशाला तिकीट’ असा विचार कोणी करत नाही. सुट्टे पैसे नाहीत, रांग नाही. पाऊस आला की सायकलवाले झटकन बसमध्ये शिरतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे नियम मात्र त्या वर्षी काय आहेत ते प्रवेशाच्या वेळीच विचारा, गृहीत धरू नका.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. डेव्हिसची गोष्ट सरळ वर वर जाणारी नाही. १९७० च्या दशकात सायकलींचा जोर होता, पुढे त्यांचं प्रमाण घसरलं. गाव बाहेर पसरलं, अंतरं वाढली, आणि बस जसजशी सोयीची होत गेली तसे काही सायकलवालेसुद्धा बसकडे वळले. म्हणजे बस आणि सायकल सख्ख्या बहिणी असल्या तरी कधीकधी एकमेकींच्या ताटातलं खातात. तरीही त्यातला कोणी स्वतःची गाडी घेऊन कॅम्पसच्या मधोमध आला नाही, कारण तिकडे गाडीला वाटच नव्हती.

[१५:४०] जाणार असाल तर

आता कामाचं बोलू. डेव्हिसच नाही, कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही कॅम्पसवर यातलं बरंच लागू पडेल.

सायकल नवी घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी. सपाट गावात २१ गिअरची चकाचक सायकल लागत नाही, आणि चोराला तीच आधी दिसते. विद्यार्थी शिक्षण संपवून जातात तेव्हा जुन्या सायकली विकतात. विद्यापीठ बेवारस सायकली गोळा करून त्यांचा लिलावही करतं. घेण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, चाक उचलून फिरवा, डगमगतंय का बघा, चेन गंजलीय का बघा.

ब्रेक उलटे असतात. हे फार कमी जण सांगतात. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या हाताला. घाईत सवयीने डावा करकचून दाबलात तर मागचं चाक उचललं जाऊन तुम्ही हँडलवरून पुढे. तिकडे एक जाड टायरवाला, रुंद हँडलचा प्रकारही खूप दिसतो, बीच क्रूझर म्हणतात. त्यातल्या काहींना हाताचा ब्रेकच नसतो. पेडल उलटं मारलं की थांबते. घेण्याआधी चालवून बघा.

कुलूप चांगलं घ्या. साखळी किंवा केबल कापायला मिनिटही लागत नाही. लोखंडी यू-लॉक घ्या. ते फक्त चाकात अडकवू नका, चोर चाक तुम्हाला ठेवून सायकल नेतो. फ्रेम, चाक आणि स्टँड तिन्ही एकत्र अडकवा. पुढचं चाक एका खिट्टीने निघत असेल तर ती खिट्टी बदलून नट लावून घ्या. सीट निघत असेल तर सीटसुद्धा जाते. आणि सायकलचा नंबर लिहून ठेवा, विद्यापीठाकडे नोंदणी करा. सापडली तर तुमची आहे हे सिद्ध कसं करणार?

दिवा लावा. कॅलिफोर्नियात अंधारात पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर किंवा दिवा कायद्याने लागतो. हिवाळ्यात पाच वाजताच अंधारतं, शिवाय त्या खोऱ्यात दाट धुकं उतरतं. दिवा लावायचा तो तुम्हाला दिसण्यासाठी कमी आणि तुम्ही इतरांना दिसण्यासाठी जास्त.

थांब्याची पाटी सायकललाही लागू आहे. ‘स्टॉप’ लिहिलंय तिथे थांबायचं. तिकडचे पोलीस सायकलवाल्याला पावती फाडतात आणि ती रक्कम महिन्याच्या किराण्याला भारी पडते. दारू पिऊन सायकल चालवणं हासुद्धा वेगळा गुन्हा आहे. हेल्मेट १८ च्या खालच्यांना सक्तीचं आहे, पण तुम्ही १९ चे झालात म्हणून डोकं टणक होत नाही.

आणि आता तुमच्या-माझ्यासाठी खास. कॅलिफोर्नियात दोन्ही कानांत इअरफोन घालून सायकल चालवणं बेकायदेशीर आहे. एका कानात चालतं, दोन्हीत नाही. म्हणजे हा पॉडकास्ट ऐकत सायकल चालवायची असेल तर एक कान रस्त्याला द्या. खरं सांगू का? दोन्ही द्या. मी थांबते, तुम्ही पोचल्यावर ऐका.

रात्रीचं काय, असं खूप मुली विचारतात. लॅबमधून अकरा वाजता बाहेर पडलं तर? कॅम्पसवर पोलीस विभागातर्फे सेफ राइड्स नावाची सोय चालते. रात्री एकट्याने जायचं नसेल तर बोलवायची. वेळा आणि हद्द बदलत असतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात माहिती काढून नंबर फोनमध्ये टाकून ठेवा. गरज पडल्यावर शोधत बसू नका.

शेवटचं, घर बघताना नकाशावर गाडीची मिनिटं बघू नका. सायकलची मिनिटं बघा आणि बसची लाइन बघा. गाडी म्हटली की नुसती गाडी नाही, विमा, पार्किंगचा परवाना, पेट्रोल, दुरुस्ती सगळं मागे येतं. शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या मुलासाठी ‘गाडी न घेता दोन वर्षं निघतात का’ हा फार मोठा हिशोब आहे. डेव्हिससारख्या गावात निघतात.

[२०:१५] आणि आपल्याकडे?

आता पुण्याला येऊ. सायकलींचं शहर ही पुण्याची जुनी ओळख आजी-आजोबांना विचारा. विद्यापीठाचं गणेशखिंडीतलं आवार चारशे एकरांहून मोठं, झाडी दाट. सायकलसाठी जागा उत्तम.

२०१७ च्या डिसेंबरात पुण्याच्या सार्वजनिक सायकल योजनेची सुरुवात याच विद्यापीठातून झाली. अॅप उघडा, कोड स्कॅन करा, कुलूप उघडतं, काम झालं की सोडून द्या. पुढच्या वर्षी ओफो, मोबाइक अशा परदेशी कंपन्याही शहरात उतरल्या. रंगीबेरंगी सायकली कोपऱ्याकोपऱ्यावर दिसू लागल्या, फोटो निघाले. ओफोने २०१८ मध्येच भारतातला गाशा गुंडाळला, मग मोबाइकही गेली. मोडतोडीच्या, चोरीच्या बातम्या येत राहिल्या. बघता बघता सायकली दिसेनाशा झाल्या.

तेव्हा सगळीकडे एकच निष्कर्ष ऐकू आला, ‘आपल्या लोकांना अक्कल नाही’. मला हे पटत नाही. कारण तसंच डेव्हिसमध्येही झालं होतं! तिथेही २०१८ मध्ये जंप नावाच्या कंपनीच्या लाल इलेक्ट्रिक सायकली भाड्याने आल्या आणि २०२० मध्ये कोविडच्या काळात कंपनीने त्या उचलल्या. कंपनी ती कंपनीच, हिशोब जुळेना की जाणार.

फरक पुढे पडला. डेव्हिसमध्ये भाड्याच्या सायकली गेल्या तरी कोणाचं अडलं नाही. रस्ते होते, स्टँड होते, सर्कल होती, दुरुस्तीला कॅम्पसवरच विद्यार्थ्यांनी चालवलेलं बाइक बार्न होतं. लोकांच्या स्वतःच्या सायकली होत्या. आपल्याकडे सायकल आली होती, पण तिच्यासाठी रस्ता तोच राहिला, त्याच दुचाक्या-चारचाक्यांमधून जाणारा. सायकल गेली आणि मागे काहीच उरलं नाही.

सायकल ही विकत आणता येते. सायकल चालवण्यासारखी जागा मात्र करावी लागते.

चढाचं काय, असं मुंबईकर विचारतील. पवईच्या आयआयटीत चढ-उतार आहेत, वर चार महिने धो धो पाऊस. तिथे कॅम्पसमधल्या बसला विद्यार्थी लाडाने ‘टमटम’ म्हणतात. गावाकडची सहा आसनी टमटम आठवली ना? हॉस्टेल लांब आणि पाऊस जोरात असेल तर टमटम, उघडीप असेल तर सायकल. म्हणजे तेच दोन घोडे, फक्त डेव्हिसपेक्षा बसवर भार जास्त. प्रत्येक जागेचं गणित वेगळं येणार, पण गणित मांडायची पद्धत तीच.

तुमच्या कॉलेजचं गणित मांडायचं असेल तर चार प्रश्न पुरेत. हॉस्टेल ते सगळ्यात लांबचा वर्ग, अंतर किती? त्या वाटेवर गाड्यांना आत सोडणं खरंच गरजेचं आहे का? सायकल लावायला सावलीत, नजरेसमोर, कुलूप अडकवता येईल असा स्टँड आहे का? आणि बस असेल तर तिची वेळ मोबाइलवर दिसते का, की ‘येईल आत्ता’ वर चाललंय?

यातल्या एकालाही कोट्यवधी रुपये लागत नाहीत. स्टँडला लोखंडी पाइप लागतो. बसच्या वेळेला एक कागद आणि तो पाळणारा माणूस लागतो. गाड्या बाहेर ठेवायला मात्र कुलगुरूंची सही आणि तुमचा आग्रह, दोन्ही लागेल. डेव्हिसमध्येही पहिली बस शासनाने दिली नव्हती. विद्यार्थ्यांनी जुन्या दोन आणल्या होत्या.

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या कॅम्पसवर हॉस्टेलपासून सगळ्यात लांबच्या वर्गापर्यंत सायकलवर किती मिनिटं लागतात, एकदा मोजून बघा आणि व्हॉइस नोट पाठवा. कॅम्पसचं नाव सांगा, चढ आहे का सांगा, आणि वाटेत कुठे भीती वाटते तेही सांगा. पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांचं एकत्र ऐकू.

भेटूया. सायकलवर असाल तर इअरफोन काढून!